तारेच्या वेटोळ्याला आलेले उत्तर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तुमच्या खिशात मावणाऱ्या फोनचा जाडजूड काका म्हणा हवे तर! हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझे भाग जोडले, कळ दाबली आणि माझ्या पडद्यावर पहिला उजेड पडला. मग खोक्यात बसून मी थेट एका तंत्रशाळेत आलो. जिन्याखालची अरुंद खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. मुलांना नोकऱ्या शोधायला मदत करणाऱ्या मॅडमची ती खोली.

आधी माझे काम रटाळ होते. अर्ज टाइप करायचे, छापायचे. जग म्हणजे समोरची पोपडे आलेली भिंत, असेच मला वाटे. मग एके दिवशी मॅडमनी माझ्यावर एक संकेतस्थळ उघडले. नोकरी-व्यवसायातली माणसे तिथे एकमेकांच्या ओळखी करून घेत. मी तर थक्कच झालो! जहाजावरचा इंजिनिअर, कारखान्याची मालकीण, निवृत्त कारागीर, सगळे त्या जिन्याखाली अवतरले. त्यांच्यातले कितीतरी जण अनोळखी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत होते!

मोटर दुरुस्ती शिकणारी एक मुलगी तिथे येत असे. बोलताना ती अडखळायची, म्हणून गप्पच राहायची. वर्गात तिचे नाव पडले होते मुनी. प्रत्येक मुलाखतीत तिची जीभ टाळ्याला चिकटे आणि समोरचा माणूस घड्याळाकडे पाहू लागे.

"आई म्हणते, आता पुरे. मावशीच्या दुकानात बस," ती मॅडमना म्हणाली. त्यांच्याशी तेवढी ती मोकळेपणाने बोले.

"बसशील. पण आधी इथे स्वतःबद्दल लिही."

मुनीने लिहिले, 'मी मेहनती व प्रामाणिक आहे.'

मॅडम हसल्या. "अगं, हे तर तुझ्या वर्गातला सगळ्यात आळशी मुलगाही लिहील. तू काय केलंस, ते सांग ना!"

मुनीने तेव्हा रुग्णालयाच्या पंपाची जळालेली मोटर हाती घेतली होती. तांब्याच्या तारेची वेटोळी तिने स्वतः भरली होती. तिने फोटो टाकले, काय केले ते लिहिले. दुसऱ्या दिवशी मोटर पंपावर चढणार होती.

त्याच दुपारी उत्तर आले. एका निवृत्त कारागिराने लिहिले होते, 'खाचेच्या तोंडाशी तारेखालचा संरक्षक कागद अपुरा आहे. तार पत्र्याला घासेल. मोटर पुन्हा जळेल.'

मुनीचा चेहरा पडला. सगळ्यांदेखत चूक! तिने माझा माउस जवळ ओढला. "मी हे सगळं काढूनच टाकते."

"काढ हवं तर. पण आधी मोटर उघडून बघ," मॅडम म्हणाल्या.

ती धावतच गेली. परत आली तेव्हा बोटे काळी झाली होती. त्यांनी माझ्या कळांवर डाग पडले, पण मला त्याचे काहीच वाटले नाही. तिने लिहिले, 'काका, तुमचं बरोबर आहे. बसवतानाच एका तारेचं वेष्टण खरवडलं गेलंय. कागद किती बाहेर ठेवू?' जुन्या फोटोखालीच तिने नवा फोटो लावला. काकांनीही तितक्याच आपुलकीने सगळे समजावले. मोटर दोन दिवस उशिरा गेली, पण पंप छान चालू लागला.

त्यानंतर मुनीला एक निरोप आला. दूरच्या शहरातल्या एका मोटर कारखान्याच्या प्रमुख बाईंना तिच्याशी बोलायचे होते. मुनी माझ्यासमोर बसली. माझ्या कॅमेऱ्याचा छोटा हिरवा दिवा लागला.

"न... न... न..." नमस्कार काही केल्या बाहेर येईना.

मला वाटले, आता त्या बाई घड्याळाकडे पाहणार. पण त्यांनी हनुवटीखाली हात ठेवला आणि म्हणाल्या, "सावकाश गं. मला घाई नाही."

त्या थांबल्या, खरोखरच थांबल्या! मुनी आधी अडखळत बोलली. मोटरचा विषय निघाला तसा तिचा धीर वाढला. शेवटी बाई म्हणाल्या, "तुझं आणि काकांचं बोलणं मी सगळं वाचलं. चूक झाली तर मोटर उघडून बघणारी माणसं मला हवीत. येशील?"

मुनीने लगेच मान डोलावली. मॅडम दाराशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

मित्रांनो, मी मोठमोठे हिशेब चुटकीसरशी केले आहेत. पण कधीही न भेटलेली माणसे एका मुलीसाठी अशी थांबतात, हे पाहून मी आजही अवाक होतो.

आता नवे लॅपटॉप आले आहेत. मी कोपऱ्यात धूळ खात असतो, क्वचित कोणी सुरू करते. त्याचे मला फारसे दुःख नाही. परवाच एका घाबरलेल्या मुलीने माझ्यावर संकेतस्थळ उघडून कुणाला तरी भीतभीतच प्रश्न विचारला. तिचा चहा निवायच्या आत उत्तर आले, 'घाबरू नकोस. सावकाश लिही, मी वाचतेय.' उत्तरावर नाव मुनीचे होते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कामाला लागाल आणि एखादे अनोळखी मूल तुम्हाला काही विचारील. तेव्हा त्याला उत्तर द्या.