घरची गादी

टण्ण.

माझी लेक सबा नुकतीच झोपली होती, म्हणून मीही जरा पाठ टेकली होती. मागच्या खोलीतून कापूस पिंजायच्या जुन्या धनुकलीची तार वाजली आणि मी उठून धावलेच.

अब्बा, माझे सासरे, तोंडाला रुमाल बांधून पिंजत बसले होते. उभा जन्म त्यांनी पाचोऱ्यात लोकांच्या गाद्या भरल्या. त्याचीच धूळ आता छातीत बसलीय. डॉक्टरांनी बजावलं होतं, पूर्ण विश्रांती, कापसाच्या आसपासही फिरकायचं नाही.

"अब्बा! विश्रांती सांगितलीय ना?"

"तीच तर करायचीय. कशावर करू?" त्यांनी समोर उसवलेली गादी दाखवली. त्यांची स्वतःची. "हात लावून बघ, नुसती ढेकळं. तुझी सासू म्हणायची, घरची एक तरी पिंजा. मी म्हणायचो, आधी गिऱ्हाईकाची होऊ दे."

"ह्यांना सांगते. दुकानात मशीन आहे."

"अतिक लगीनसराईत बुडालाय. नवरीच्या गादीआधी म्हाताऱ्याची घालेल का?"

बोलता बोलता त्यांना ढास लागली. मी धनुकली काढून घेतली, ओढणी नाकावर बांधली. "तुम्ही ओट्यावर बसा. तिथून सांगा."

मी तारेवर ठोकायची लाकडी मोगरी मारली. फद्द. आवाज ऐकूनच अब्बा ओट्यावरून ओरडले,

"कुत्र्याला हाणतेस का, नाजमीन? तारेला मार, कापसाला नको."

शेजारचा वना जाता जाता ओट्यापाशी थांबला, अहिराणीत विचारपूस करू लागला. "रहीमभाऊ, आते आराम शे का?"

"बठ्ठा आराम शे, वना. सून काम करस, मी बठेल शे."

हळूहळू तार गुणगुणू लागली. ओट्यावरच्या सूचना कधी थांबल्या कळलंच नाही. डोकावले, तर अब्बा भिंतीला डोकं टेकून पेंगत होते.

संध्याकाळी गादी शिवून झाली. आमच्याकडे गादी गिऱ्हाईकाला देण्याआधी घरातलं लेकरू तिच्यावर लोळतं. टोचलं, की तिथे कापसाची गाठ. आजवर सबा लोकांच्याच गाद्यांवर लोळली. आज दादाअब्बांच्या गादीवर लोळताना मध्येच थांबली. "इथे."

अब्बांनी बोटांनी चाचपलं. "राहू दे. तुझ्या अम्मीची पहिली गादी आहे." मग सावकाश आडवे झाले. डोळे मिटता मिटता म्हणाले, "निवांत वाटलं, बेटा."

सबा त्यांच्या छातीची घरघर ऐकत बराच वेळ उशाशी बसली. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली,

"अम्मी, आराम करून झाला की दादाअब्बा परत गाद्या भरतील ना?"