परतफोन

काकूंनी पेन्सिलीला टोक काढलं, कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान उलटं करून फोनशेजारी ठेवलं आणि त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. सोमवार होता. चार वाजायला पाच मिनिटं कमी. पहिल्या घंटेला त्या कधी फोन उचलत नसत; वाट बघत बसली होती असं कुणाला वाटायला नको. दुसरीही जाऊ देत. तिसरीला मात्र धीर सुटे.

समितीच्या साखळीत तेवीस घरं होती. सरकारी प्रसूतिगृह पाडून तिथे दुकानं बांधायचं ठरलं, तेव्हा लोकांनी भिंतींवर पत्रकं लावली. सकाळी लावलेली दुपारपर्यंत फाडलेली असत. मग ती पत्रकं छापून देणाऱ्या छापखानेवाल्यांनी ही युक्ती काढली. साखळीत पहिले ते स्वतः; सभेचा निरोप त्यांनी दुसऱ्याला फोनवर सांगायचा, त्याने पुढच्याला, असं करत करत तो शेवटच्या घरापर्यंत जायचा. काकू तेविसाव्या. तीस वर्षं त्याच प्रसूतिगृहाच्या शिवणखोलीत त्यांनी बाळांची झबली शिवली होती; समितीत मात्र त्यांचं नाव पडलं ‘शेवटच्या काकू’.

सुरुवातीला एकदा निरोपाला वाटेत शेपूट फुटलं. शाळेच्या दालनात बाकं अपुरी, म्हणून नवव्या घरच्या मास्तरीणबाईंनी आपल्या मनाने जोडलं, ‘येताना आपापली खुर्ची आणा.’ तिथून पुढची चौदा माणसं भर बाजारातून डोक्यावर खुर्च्या घेऊन निघाली. काकूंनी शिवणयंत्राचं स्टूल घेतलं होतं. दुकानांतून माणसं बाहेर येऊन विचारू लागली, हे काय चाललंय? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो, आणि पुढच्या सभेला उभं राहायलाही जागा नाही. सगळे पोट धरधरून हसले. छापखानेवाले तेवढे हसले नाहीत. त्यांनी नियम केला: शेवटच्याने पहिल्याला परतफोन करून निरोप शब्दन्‌शब्द वाचून दाखवायचा. पाचपर्यंत परतफोन आला नाही, तर साखळी पुन्हा पहिल्यापासून.

दोन वर्षं काकू दर सोमवारी वाचून दाखवत आल्या होत्या. मागे छापखान्याची खडखड चालू असे. छापखानेवाले ‘बरोबर’ म्हणत, आणि मग जरा थांबून विचारत, “तिकडे ऊन आहे का?”

मधे दोनच गल्ल्या. इकडे ऊन नि तिकडे पाऊस, असं काही होत नसे. तरी काकू खिडकीतून बाहेर बघून मगच उत्तर देत. मुलाचा फोन महिन्याकाठी येई, तोही घाईत. अख्ख्या आठवड्यात त्यांना कुणी काही विचारलं, असं ते एवढंच.

फोन वाजला. बाविसाव्या घरचे ड्रायव्हरभाऊ. प्रसूतिगृहाची गाडी चालवून निवृत्त झालेले, आवाज अजून भोंग्यासारखा.

“काकू, बसला आहात ना? नसाल तर बसा. जिंकलो आपण.”

“काय सांगता.”

“लिहा. प्रसूतिगृह बंद होणार नाही. लेखी आदेश हातात आला. समितीचं काम संपलं. सर्वांचे आभार. साखळी आजपासून बंद.”

काकूंची पेन्सिल ‘आभार’पर्यंत आली आणि थांबली.

“झालं लिहून?”

“फार चांगलं झालं, भाऊ.”

आणि खरंच चांगलं झालं होतं. फोन ठेवून काकूंनी हात जोडले, डोळे मिटले. शिवणखोलीची खिडकी आठवली, तिच्यातून येणारं बाळांचं रडणं आठवलं. मग त्यांनी फोन उचलला. पाच आकडे फिरवले आणि सहावा न फिरवता परत ठेवला. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम. पण गप्प बसायचं नाही, असा काही नेम नव्हता.

पाच वाजून गेले. पावणेसहाला पुन्हा घंटा.

“काकू, परतफोन केला नाहीत होय? गाडी पुन्हा पहिल्या थांब्यापासून निघाली. आमची ही म्हणते, एकदाच जिंकलात ना, मग दोनदा काय सांगताय?”

“नाही केला.”

“करा बाई आता. नाहीतर लोक शिव्या घालतील.”

काकूंनी केला नाही. उठून कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या. कपडे ते किती, एका माणसाचे. तेच पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घातल्या. साडेसहाला फोन वाजला, आणि आज त्यांनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

“छापखान्यातून बोलतोय.”

दोन वर्षांत त्या बाजूने कधी फोन आला नव्हता. मागे खडखडही नव्हती.

“ओळखला आवाज,” काकू म्हणाल्या.

“परतफोन आला नाही तुमचा. निरोप मिळाला ना?”

“मिळाला.”

“लिहून घेतलात?”

“घेतला.”

“मग वाचा.”

काकूंनी पान उजेडाकडे धरलं. “प्रसूतिगृह बंद होणार नाही. लेखी आदेश हातात आला. समितीचं काम संपलं. सर्वांचे आभार.”



“पुढचं?”

“पुढचं लिहिलेलं नाही.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते आता फोन ठेवतील असं काकूंना वाटलं. त्यांनी फोनची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“म्हणजे निरोप पुरता पोचलेला नाही,” छापखानेवाले सावकाश म्हणाले.

“नाही.”

“मग नियमाप्रमाणे पुन्हा सांगायला हवा. पण सगळ्यांना कशाला त्रास? मीच करीन फोन. सोमवारी, चारला. घरी असाल ना?”

काकूंनी खोलीभर नजर फिरवली, जणू कुणाला तरी विचारायचं होतं.

“असेन.”

त्यांनी फोन ठेवला नाही. काकूंनीही नाही.

“तिकडे काळोख पडला का?”

काकू उठल्या, दोरी पुरेल तेवढ्या खिडकीपाशी गेल्या आणि नीट बाहेर बघून म्हणाल्या,

“पडतोय.”