लाइन विमलबाईच्या नावावर

कडावच्या ऋषिकेशला घरबसल्या काम मिळालं होतं, परदेशी कंपनीच्या साइटवर माहिती भरायचं. पण ती साइट भारतातून उघडत नसे. त्यासाठी कंप्युटरवर व्हीपीएन टाकायचा, म्हणजे समोरच्याला वाटतं आपण तिकडंच बसलोय. त्याची आई विमलबाई गावभर सांगत फिरायची, "माज्या पोराला मशिनीतलं सगळं येतं!"

त्यानं तीन व्हीपीएन टाकून पाहिले. पहिला झकास, पण विकतचा. दुसरा फुकट, पण गोगलगाय. तिसरा फुकटही आणि पळणाराही.

"फुकट देणारा स्वतः काय खातो ते आधी बघ," सोबत काम करणारी रिया फोनवर म्हणाली. "तो तुझ्या घरच्या लाइनवरून भलत्याच लोकांना इंटरनेट वापरू देतो. अटींत लिहिलंय."

अटी वाचतो कोण! आईनं दुभती म्हैस विकून कंप्युटर घेऊन दिलेला. पुन्हा तिच्यापुढे हात पसरायला त्याचा जीव धजेना. फुकट ते पौष्टिक म्हणत त्यानं तिसराच ठेवला. वापरेनात का दुसरे, आपलं काय जातंय?

काय जातंय ते भातकापणी उरकल्यावर कळलं. भरदुपारी अंगणात पोलिसांची गाडी उभी राहिली. कुठल्याशा म्हाताऱ्याचं बँकेतलं खातं या घरच्या लाइनवरून धुऊन नेलं होतं. आणि लाइन विमलबाईच्या नावावर. लाइटबिल तिचं, म्हणून घरात जे येईल ते तिच्याच नावावर. गावात असंच चालतं.

"कंप्युटर कोण चालवतं?" साहेबांनी विचारलं.

बोल ना मेल्या, ऋषिकेश स्वतःलाच म्हणत होता. आईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"मीच चालवते, सायेब."

"चालू करून दाखवा."

ती कंप्युटरपुढं गेली. दसऱ्याला तिनंच लावलेलं कुंकू कडेला अजून होतं. तिला त्यातलं एकच ठाऊक होतं, वीज कडाडली की भिंतीतली पिन उपसायची. तिनं वाकून पिन उपसली आणि ओशाळून उभी राहिली.

साहेबांनी ऋषिकेशकडं बोट केलं. "हा कोण?"

"पोरगा हाय माजा." तिचा आवाज चिरकला. "त्याला मशिनीतलं काय बी येत नाय. इचारा त्यालाच. येतं का रं तुला?"

साहेब बघत राहिले. ऋषिकेशनं खाली बघत नकारार्थी मान हलवली.