गावाची खाच

मी एक जुनी दगडी फणी आहे. केस विंचरणारी नव्हे, पाणी विंचरणारी. सहारा वाळवंटातल्या तिल्झा या गावात, वाळूखालच्या लांब भुयारातले पाणी जिथे उघड्यावर येते, तिथल्या कुंडाच्या तोंडाशी मला आडवी बसवली आहे. माझ्या दातांमधल्या प्रत्येक खाचेतून एकेका बागेचा पाट निघतो. ज्याच्या पूर्वजांनी भुयार खणताना जास्त श्रम दिले, त्याची खाच जास्त रुंद.

मधली खाच मात्र कुणा एकाची नाही. मला घडवणाऱ्या बा सालेमने प्रत्येकाची खाच हक्कापेक्षा जवाच्या दाण्याएवढी अरुंद कोरली आणि त्यातून वाचलेल्या जागेत ती कोरली. लोक कुरकुरले. "माझा दाणा का खातोस, बा?" असे एकाने विचारलेच. बा सालेम मान वर न करता म्हणाला, "भुयार ढासळेल तेव्हा ये, परत देतो."

मित्रांनो, त्या खाचेचे पाणी गावाच्या सामाईक वाडीला जाते. तिथल्या खजुरावर आणि जवावर भुयारात उतरून वाळू उपसणारी माणसे जेवतात. वाटसरूला त्यातूनच भाकरी मिळते. ज्यांच्या नावावर पाणी नाही, त्यांच्या घागरी त्याच पाटावर भरतात. कित्येक वर्षे गावाने मला जपले. दातांवर चढलेला क्षार बायका हलक्या हाताने खरवडून काढत, आणि पाहुणा आला की त्याला मला पाहायला घेऊन येत.

मग हाज तुहामीच्या मुलीचे लग्न झाले. हाज गावचा प्रमुख. वाडीच्या कोठाराची किल्ली त्याच्याकडे असे. पंगतीत वाढलेला खजूर त्याच कोठारातला होता, हे सगळ्यांनी ओळखले. बोलला फक्त हम्मू. त्याने त्या वर्षी खजुराची नवी रोपे लावली होती आणि त्यांना पाणी पुरत नव्हते.

"माझी रोपं तहानलेली, आणि माझं पाणी वऱ्हाडाच्या ताटात," तो कुंडापाशी येऊन म्हणाला.

"पाहुण्यांसमोर गावाचीच लाज राखली ना?" हाज म्हणाला.

"गावाची? सासरच्यांनी तर तुमची वाहवा केली."

हाज निघून गेला. हम्मूने खजुराच्या काथ्यात चिखल मळला आणि मधली खाच बुजवली.

पुढचे मी सांगते ते नीट ऐका. एक खाच बंद झाली की कुंडातली पातळी चढते आणि उरलेल्या सगळ्या खाचांतून थोडे जास्त पाणी जाते. सकाळी बागवाले आले. प्रत्येकाने आपला पाट पाहिला.

"आज पाणी बरंय."

"अल्लाची मेहेर."

मधल्या खाचेकडे कुणीही पाहिले नाही. तेवढ्यात मसूदा घागर घेऊन आली. ती विधवा होती आणि तिच्या नावावर पाण्याचा थेंब नव्हता. कोरडा पाट पाहून ती म्हणाली, "चिखलही अल्लानंच थापला वाटतं?" सगळे आपापल्या बागेकडे निघून गेले. तेव्हापासून ती शेजाऱ्यांच्या पाटावर मागून पाणी नेऊ लागली.

उन्हाळ्यात सामाईक वाडी वाळली. उपसणाऱ्यांना जेवण नव्हते, म्हणून भुयारात कुणी उतरले नाही. वाळू साचत गेली. एका वाऱ्याच्या आठवड्यानंतर आत कुठेतरी छत खचले आणि माझ्यापर्यंत येणारी धार करंगळीएवढी झाली. आता सर्वच खाचा कोरड्या पडू लागल्या. हम्मूची रोपे पिवळी पडली.

तो उपसणाऱ्यांच्या म्होरक्याकडे, बर्काकडे गेला आणि त्याला कुंडावर घेऊन आला. मागोमाग गाव जमले.

"उतरा रे बाबांनो. जेवण मी घालतो," हम्मू म्हणाला.

"आज घालशील. रोपं हिरवी झाल्यावर?" बर्का म्हणाला. "एकाच्या मर्जीवर मी माणसं खाली नेत नाही, हम्मू. छत कोसळलं तर त्यांची पोरं कुणाच्या दारात बसतील?"

"मग मी खाच उघडतो. पण कोठार हाजच्या एकट्याच्या हातात राहणार नाही. वाटप इथं, सगळ्यांसमोर."

सगळ्यांचे डोळे हाजकडे वळले. मग त्याने किल्ली काढून माझ्या दगडावर ठेवली. "चुकलो," तो म्हणाला. "पण चिखल बघून गप्प बसलेल्यांनीही काही बोलावं." हम्मूने पाण्यात हात घालून चिखल खरवडला. पुढच्या सुगीपर्यंत प्रत्येक बागेने उपसणाऱ्यांच्या जेवणासाठी एकेक टोपली धान्य द्यायचे ठरले. हम्मूही त्यांच्याबरोबर खाली उतरला.

पाणी परतले, पण पूर्वीएवढे नाही. हम्मूची बरीचशी रोपे गेली. आता सुगीला वाटप माझ्यासमोर होते. टोपली उचलली की हम्मू विचारतो, "ही कुणाकडे?" लोक वैतागतात. मसूदा म्हणते, "विचारू दे त्याला. तुमचाही घसा त्यानं ओला राहतो."

मित्रांनो, तुमचा रस्ता, तुमचा दवाखाना, तुमच्या शाळेची भिंत, हे सगळे कुणाच्या तरी वाट्यातून दाणा दाणा काढूनच उभे आहे. तुमच्यावर वेळ येईल तेव्हा तुमचाही दाणा द्या. चोरी दिसली तर सगळ्यांसमोर विचारा, अगदी नकोसे होईपर्यंत विचारा. पण खाच बुजवू नका. ती बुजते त्या दिवशी सगळ्यांनाच पाणी वाढल्यासारखे वाटते. मी ते पाहिले आहे.