सहा यंत्रं आणि एक बेवारस ड्रायव्हर

"सर, ही यंत्रं मेलीत की तुम्हीच दमलात?"

हे विचारायची माझी हिंमत होणार नाही, अशी माझ्या मैत्रिणीने, टालियाने, पैज लावली होती. विचारलं की! संगणक शिकवणारे क्विल सर चिडले नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी डोळे चोळले. "दोन्ही, टेगन."

खाण बंद झाली तेव्हा तिथल्या सर्व्हे ऑफिसने आमच्या शाळेला सहा जुनी वर्कस्टेशनं, म्हणजे दणकट संगणक, दिली. सरांना त्यांवर युनिक्सच्या घराण्यातली एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम घालायची होती. दर वेळी पडद्यावर एकच उत्तर: डिस्क सापडली नाही. शुक्रवारी बर्नी शहरातून भंगारवाल्याचा ट्रक येणार होता.

"अहो, डिस्क तर आत गुरगुरतेय!" मी कान लावून म्हणाले.

"गुरगुरू दे. तिचं बोलणं पोचवतं ते हे कंट्रोलर कार्ड, आणि सिस्टीम त्यालाच ओळखत नाही. मी दर वेळी ताज्यातली ताजी आवृत्ती आणतो, तरी."

मग माझी जेवणाची सुट्टी त्याच खोलीत जाऊ लागली. "ए, लग्न लाव त्या खोक्याशी एकदाचं!" टालिया दारातून ओरडायची, आणि अर्धा सॉसेज रोल ठेवून जायची.

शेवटी ती सिस्टीम बनवणाऱ्या लोकांना मी इंटरनेटवर विचारलं. डनेडिनच्या एका माणसाने लिहिलं, "त्या कार्डाची सिस्टीमला ओळख करून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मीच सांभाळायचो. दमलो, सोडला. दुसरं कोणी पुढे आलं नाही की आमच्यात नव्या आवृत्तीतून ड्रायव्हर काढून टाकतात. जुनी आवृत्ती घाल, चालेल. पण इंटरनेटला जोडू नकोस. तिची डागडुजी आता कोणी करत नाही."

ताजी नाही, जुनी! गुरुवारी ती घातली आणि डिस्क दिसली. मी इतकी किंचाळले की शिपाईकाका धावत आले.

सर हसले, पण अर्धंच. "पुढे यांच्याकडे कोण बघणार? मुख्याध्यापिका बाई पहिलं तेच विचारतील. कोणी नसेल तर उद्या ट्रक. मला नाही होत आता, पोरी."

"मी बघेन!"

"शनिवारीच खोली मोकळी असते. घरी विचार आधी."

घरी आई शनिवारच्या सामन्यासाठी आमच्या नेटबॉल संघाचे बिब, खेळताना अंगात घालायची अक्षरांची जाकिटं, वाळत घालत होती. प्रशिक्षक तीच. बाबा बटाटे सोलत होते. दोघंही दिवसभराच्या कामाने पेंगुळलेली. मी विचारत बसले असते तर दोघं 'बघू' म्हणाली असती.

"आई, बाबा, ऐका. उद्यापासून शाळेतली ती सहा यंत्रं मी सांभाळणार. शनिवारी मी नेटबॉल खेळणार नाही."