शेऱ्याचा रकाना

कोझ्येक डोंगराच्या माथ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, पेटीत वही आहे, आणि त्या वहीपायी आमच्या गावात जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या बांधावरूनही झाली नसतील. चढायला पाऊण तास लागतो. वर पोचलं की तारीख, वेळ आणि नाव लिहायचं. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, त्यात मनाला येईल ते. कुणी 'धुकं' लिहितो, कुणी 'हरीण दिसलं', कुणी 'गुडघे गेले'. दिवसाला एकच सही धरतात. जानेवारीत अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये निवृत्त पोस्टमन रादो वर्षभराच्या वह्या शेऱ्यांसकट सगळ्यांसमोर वाचून दाखवतो, आणि बायकांत जिच्या सह्या सगळ्यांत जास्त, तिचं नाव माथ्यावरच्या लाकडी फळीवर रंगवलं जातं. त्या फळीवर अकरा वर्षं एकच नाव होतं. फानिका.

फानिका म्हणजे तादेयाची सासू. वय सदुसष्ट, पेन्शन, तळमजल्यावर एकटीचा संसार, आणि पाय असे की बकरीनं उसने मागावेत. वरच्या मजल्यावर तादेया, तिचा नवरा गोराझ्द आणि दहा वर्षांची आय्दा. गोराझ्द सोमवारी पहाटे ऑस्ट्रियात कामाला जायचा तो शुक्रवारी संध्याकाळी उगवायचा. तादेया डेअरीच्या प्रयोगशाळेत सात ते तीन. त्याआधी पहाटे पाचला डोंगर, नंतर शाळा, बाजार, धुणं, सूप. दिवसातला तो एकच दीड तास असा होता की तिला कुणी हाक मारत नसे. तो दीड तास तिचा होता, आणि त्यातही सासू पुढं होती.

तादेया नुसती चढत नव्हती, शिकवतही होती. दर गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत नोकरदार आईबापांचा वर्ग घ्यायची. आईबाप घामाघूम व्हायचे, पोरं कडेला गाद्यांवर कोलांट्या मारायची. "रोज थोडं, कधीच फार नाही," ती म्हणायची. "दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्या आणि रोज लिहून ठेवा. आकडा चारच्या वर गेला की थांबा, मग जग बुडो. आणि नडगी अंगठ्यानं दाबून बघा. सगळीकडे थोडं थोडं दुखलं तर स्नायू. एकाच जागी जीव गेला तर हाड. मग त्याच दिवशी डॉक्टर." आय्दाला हे सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं.

सासूला ते वर्ग डोळ्यात सलायचे. ईस्टरच्या जेवणात, सगळे नातेवाईक असताना, डुकराच्या मांसाचा तुकडा कापता कापता ती म्हणाली, "पहाटे डोंगर, दिवसभर दूध, गुरुवारी गावाला शहाणपण. मग पोर कोण वाढवतं गं, मांजर?"

"माझ्या मुलीचं मी बघीन, आई," तादेया म्हणाली. "तुम्ही त्यात लुडबूड करू नका."

सासूनं मांस चावून खाल्लं, आणि ते वाक्य नीट घडी घालून ठेवून दिलं.

त्या वर्षी तादेयाला पहिल्यांदाच जिंकायची संधी होती. मार्चमध्ये सासूच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि तिचे दोन दिवस बुडाले. डॉक्टर दहा दिवस म्हणाले होते, तिसऱ्या दिवशी बाई डोळ्यावर पट्टी बांधून माथ्यावर. तादेयाचा एकच दिवस बुडाला होता. फेब्रुवारीत आय्दाला सणकून ताप भरला होता तो. ("तुझ्या तापाचा दिवस" हे आय्दानं मग वर्षभर ऐकलं.) एका दिवसाची आघाडी. बरोबरी झाली तर वयानं मोठी जिंकते, असा नियम. म्हणजे आणखी एक दिवस बुडाला की खेळ खलास.

आणि नोव्हेंबरात तादेयाची नडगी गेली.

ऑक्टोबरपासून ठणकत होती. आपल्या डायरीत ती तीन लिहायची, दुखायचं सात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शेवटी जिना उतरताना डोळ्यापुढं अंधारी आली तेव्हा तिनं अंगठा दाबला, आणि एकाच जागी जीव गेला. शेजारच्या शहरातल्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाला बारीक चीर. सात आठवडे डोंगर बंद. "एकतीस डिसेंबरपर्यंत," ते कॅलेंडर बघून म्हणाले. बिचाऱ्यांना काय माहीत.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात नळ सोडून रडली. आय्दा दारात उभी होती.

"आई, मी जाऊ का वर?"

"कशाला?"

"तुझं नाव लिहायला. मला तुझी सही येते. तो डोंगरासारखा टी." तिनं शाळेच्या वहीचं मागचं पान दाखवलं. तीस-चाळीस सह्या होत्या, शेवटच्या दहा हुबेहूब.

आईनं तिथंच पोरीला जवळ घेऊन नाही म्हणायला हवं होतं, हे काय सांगायला हवं? तादेयानं ते पान दिव्याखाली धरलं आणि म्हणाली, "डी जरा मोठा काढ. फक्त उद्या हं."

फक्त उद्या. मग परवाही फक्त उद्याच.

पहाटे पाचला ती आय्दाला उठवायची, दोन मोजे घालायची, कपाळाला दिवा बांधायची, गरम चहाची बाटली द्यायची. "पहिली दहा मिनिटं हळू. नाकानं श्वास. उतरताना टाचेवर जोर नको." पोर पावणेसातला लाल नाकानं परत यायची आणि दारातच हसायची. शनिवार-रविवारी गोराझ्द तोवर घोरतच असायचा. एवढ्या गप्पा त्या दोघींनी उभ्या जन्मात मारल्या नव्हत्या. आय्दाला आई मिळाली होती, मग ती का थांबेल? तादेयाला कधी कधी खालचं दार कुरकुरल्याचं ऐकू यायचं, आय्दा गेल्यावर पाचेक मिनिटांनी. म्हातारीला झोप नाही, ती म्हणायची, आणि पाय उशीवर ठेवून आणखी अर्धा तास पडायची. डॉक्टरांचं तिनं अक्षर न् अक्षर पाळलं. स्वतःच्या पायापुरतं.

डेअरीत ती लंगडणं लपवायची. गुरुवारी खुर्चीवर बसून शिकवायची, म्हणायची, "आज तुम्ही करा, मी चुका बघते." लोक म्हणायचे, तादेया, कसं जमतं गं तुला, नोकरी, घर आणि वर रोजचा डोंगर? "नियोजन," ती म्हणायची.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आय्दा जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली. रविवारी गोराझ्द गॅरेजमध्ये गाडीचे टायर बदलत होता. तादेयानं पोरीला पलंगावर बसवलं, विजारीचा पाय वर सरकवला आणि नडगीवर अंगठा दाबत खाली आली. मधोमध एका जागी आय्दाच्या पायाची पाचही बोटं आत वळली.

"इथं?"

"सगळीकडेच थोडं थोडं," आय्दा म्हणाली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"एकाच जागी नाही ना?"

"नाही. सगळीकडे. म्हणजे स्नायू ना, आई?"

वर्गात कोणत्या उत्तराला घरी पाठवतात आणि कोणत्या उत्तराला डॉक्टरकडे, हे त्या पोरीला ठाऊक होतं. आणि तिला ते ठाऊक आहे, हे आईला ठाऊक होतं. बोटं आत वळलेली तादेयानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दहा दिवस राहिले होते.

"स्नायू," ती म्हणाली, आणि मलम चोळून दिलं.

एकोणतीस तारखेला पावणेसात झाले, सात झाले. तादेयानं डेअरीत उशीर होईल म्हणून कळवलं. सव्वासातला दार वाजलं. दारात सासू, आणि सासूच्या पाठीवर आय्दा. पोरीचा डावा पाय नडगीच्या मधूनच भलतीकडे वळला होता. तोंड पांढरंफटक.

"आजचं लिहिलंय, आई," आय्दा म्हणाली. "उतरताना पडले. लिहून झाल्यावर."

सासूनं तिला बाकावर ठेवलं, पाठ सरळ केली. एवढं ओझं आणूनही तिला धाप लागली नव्हती.

"वळणावर बर्फ होता," ती म्हणाली. "कट्कन आवाज आला. मला मागं ऐकू आला."

"मागं? तुम्ही मागं होतात?"

"पहिल्या दिवसापासून. दिवा विझवून."

"सात आठवडे? ती लंगडत होती, आई! तुम्हाला दिसत होतं!"

"मोतीबिंदू काढलाय. आता चांगलं दिसतं मला."

"मग थांबवलं का नाहीत?" तादेया किंचाळली.

"लुडबूड करू नका म्हणाली होतीस." सासूनं हातमोजे पुन्हा चढवले. "तुझी पोर, तू पाठवलीस. मी कोण थांबवणारी?"

"आणि आता गावभर सांगणार असाल. रादोला सांगणार असाल."

"मी कशाला सांगू? वहीत लिहिलंय सगळं."

ती वळली आणि अंगण ओलांडून डोंगराच्या वाटेला लागली.

"कुठं चाललात? ॲम्ब्युलन्स तरी बोलवा!"

"हात तुटलेत का तुझे?" सासू मागं न बघता म्हणाली. "माझी सही राहिलीय आजची."

दवाखान्यात आय्दाचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये घातला. तरुण डॉक्टरबाईंनी फोटो दिव्यावर लावून बराच वेळ पाहिला. हाड आज मोडलं, पण चीर जुनी आहे, तीन आठवड्यांची तरी, त्या म्हणाल्या. मग आय्दाकडे वळल्या. "कुठला खेळ खेळतेस गं? कोण तुझा प्रशिक्षक? त्याला जरा बोलवायला हवं."

"खेळ नाही," आय्दा म्हणाली. "मी फक्त आईला मदत करत होते."

डॉक्टरबाईंनी तादेयाकडे पाहिलं. तादेयानं आय्दाचं जाकीट घडी करायला घेतलं, घडी मोडली, पुन्हा केली.

गोराझ्द ऑस्ट्रियातून तडक आला. त्यानं काही विचारलं नाही, कारण आय्दानं "घसरले" एवढंच सांगितलं होतं. संध्याकाळी तो म्हणाला, "मी थांबतो इथं. तू जा, झोप काढ. सकाळी नऊला ये, मोठे डॉक्टर येतात."

नऊला. म्हणजे पाच ते सात मोकळेच होते. घरी येताना गाडीत तिला याची लाज वाटली. खरंच वाटली, अगदी कानशिलं तापली. पण घड्याळ तिनं पावणेपाचचंच लावलं.

तीस तारखेच्या पहाटे ती सत्तेचाळीस दिवसांनी कोझ्येक चढली. सात आठवड्यांना दोनच दिवस कमी होते. आणि पाय? पाय पिसासारखे झाले होते. पुस्तकात लिहिलेलं असतं तसंच. विश्रांती घ्या, शरीर तुम्हाला परत देईल. वळणावरच्या बर्फात आय्दाची चहाची बाटली पडली होती. ती उचलून तिनं पिशवीत टाकली आणि वर पोचली.

पेटी उघडली, वही काढली. कालच्या पानावर सासूची सही होती, सकाळी आठ दहाची. तिच्या वर तादेयाची सही. अक्षर चांगलं होतं, डी मोठा होता. शेऱ्याच्या रकान्यात नुसता आकडा. नऊ.

तिला आधी कळलंच नाही. तिनं मागचं पान उलटलं. अठ्ठावीस डिसेंबर, तादेया, आठ. सत्तावीस, आठ. बावीस, सात. एकवीस, सात. एकवीस म्हणजे रविवार, ज्या दिवशी तिनं अंगठा दाबला होता. पानं उलटत ती मागं गेली. सहा, सहा, पाच. नऊ डिसेंबरला पाच, आठ डिसेंबरला चार. त्याआधी तीन, दोन, एक. आणि अगदी सुरुवातीला, तेरा नोव्हेंबरला, ऐटीत काढलेलं गोल शून्य. चारच्या वरचे एकवीस दिवस. पोरीनं एकही चुकवला नव्हता. आई शिकवते तसं रोज लिहून ठेवलं होतं. आई मात्र वर आली नव्हती. आणि प्रत्येक आकड्याच्या खालच्या ओळीत सासूचं नाव, रोज, टपोऱ्या अक्षरात. शेरा कोरा.

तादेया बाकावर बसली. आय्दा, आय्दा, ती दोनदा मोठ्यानं म्हणाली. मग तिला जानेवारीतला हॉल दिसला. रादो चष्मा लावून वाचतोय, गुरुवारच्या वर्गातले सगळे आईबाप पहिल्या रांगेत, आणि त्या प्रत्येकाला त्या आकड्यांचा अर्थ कळतो.

तिनं ती पानं बोटांत धरली. शिवणीतून सुटलेलीच होती, ओढली की निघाली असती. आकडे गेले असते.

सह्याही गेल्या असत्या.

खाली झाडीत एक दिवा चालू झाला. सासू निघाली होती, आणि आज दिवा विझवायचं तिला काही कारण नव्हतं. तादेयानं पानं सोडली, हातानं सपाट केली आणि पेन उचललं. तीस डिसेंबर, पाच पंचावन्न, तादेया. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. रोज आकडा लिहायची शिस्त शेवटी तिचीच होती. तिनं विजार वर सरकवली आणि नडगीवर अंगठा दाबत वरून खाली आली, नीट, कुठलीही जागा न वगळता.

कुठंच काही दुखत नव्हतं.

तिनं शून्य लिहिलं.