घंटा वाजवू नका, फादर

आमच्या गावात मोटारींच्या शर्यतीत आमची लाल गाडी जिंकली की चर्चची घंटा वाजते. ही पद्धत कुठल्या फादरनं सुरू केली ते कुणालाच धड सांगता येत नाही, पण गेली एकतीस वर्षं ती घंटा माझा नवरा वाजवत आलाय. लेआर्को. आयुष्यभर कारखान्यात लेथवर उभा राहिला, पण काय करता असं विचारलं की सांगतो, "दोरी ओढतो."

सप्टेंबरातल्या शर्यतीत शेवटच्या फेरीला निळ्या गाडीनं लाल गाडी चालवणाऱ्या आमच्या निएमेलाला मागं टाकलं आणि लाल गाडीच्या चाहत्यांच्या क्लबात, टीव्हीसमोर, सगळ्यांदेखत लेआर्को खुर्चीवरून खाली घसरला. आधी सगळ्यांना वाटलं, नाटक करतोय. क्लबचा अध्यक्ष ओरिएल्लो तर ओरडला, "ऊठ रे, अजून सहा शर्यती आहेत!" मग मोदेनाचं इस्पितळ, छाती उघडली, हृदयाला तीन जोड दिले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. या वर्षी शर्यत बघायची नाही, आणि नाडी एकशेदहाच्या वर गेली तर वाट न बघता इस्पितळाची गाडी बोलवायची.

लेआर्कोनं कबूल केलं, पण अर्धवट. "डोळ्यांनी बघणार नाही," म्हणाला. "कानांवर तिचा हुकूम चालत नाही."

म्हणजे घंटा. त्याच्या जागी फादर एर्मेस स्वतः दोरी ओढायला लागले. त्यानंतर दोनदा आम्ही जिंकलो, दोनदा घंटा वाजली, आणि दोन्ही वेळा त्याच्या बोटाला लावलेल्या नाडी मोजायच्या यंत्रावरचा आकडा मी बघितला. एकशेचार. एकशेसात. साध्या शर्यतीला एकशेसात! आणि आता शेवटचा रविवार होता. निएमेला चार गुणांनी पुढे. निळ्या गाडीच्या पुढे राहिला की सतरा वर्षांनी अजिंक्यपद. मला चार रात्री झोप नव्हती, आणि ती काही निएमेलाच्या काळजीनं नव्हे.

शनिवारी मी फादरकडे गेले.

"फादर, उद्या घंटा वाजवू नका."

"हरलो तर नाहीच वाजवणार, इरिदे."

"जिंकलो तरी वाजवू नका."

त्यांनी चष्मा काढला. "सतरा वर्षांनी? अगं, गाव मलाच त्या दोरीला टांगेल."

"टांगू दे. फादर तुमच्यानंतर दुसरे येतील. मला नवरा एकच आहे."

बराच वेळ ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बरं." मी घरी आले ती स्वतःवर खूश होऊन. मोठा शहाणपणा केला असं वाटत होतं मला.

रविवारी धुकं असं दाट होतं की समोरचं न्हाव्याचं दुकानसुद्धा दिसेना. लेआर्कोला एकटं सोडायचं नाही म्हणून मी सकाळी चर्चलाही गेले नाही. टीव्हीची वायर पिठाच्या डब्यात लपवली होती, दोन्ही मोबाईल बंद करून खणात टाकले होते. जेवायला सारण भरलेले तोर्तेल्लिनी केले, बिनमिठाच्या रश्श्यात. एक चमचा तोंडात घालून लेआर्को म्हणाला, "हे जेवण आहे की शिक्षा?"

दोन वाजता तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. दोरी ओढायचा चामडी हातमोजा उजव्या हातात चढवलेला. डाव्या हाताच्या बोटाला यंत्र. नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"सुटल्या," म्हणाला. थोड्या वेळानं, "आता चाकं बदलायला आत येईल." आणखी थोड्या वेळानं, "त्या निळ्याला आतल्या बाजूनं जागा देऊ नको रे, बाबा."

डोक्यातल्या डोक्यात सगळी शर्यत पळवत होता. मी भोपळा सोलत होते आणि आकड्यावर डोळा ठेवून होते. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव.

साडेतीनला तो ताठ बसला. "झेंडा पडला. संपली शर्यत." मान चर्चच्या दिशेला वळवून ऐकत राहिला. तीन पस्तीस. तीन चाळीस. बाहेर गाडीचा हॉर्न नाही, कुणाची हाक नाही, कुत्रंसुद्धा भुंकेना. ही शांतता मीच मागून घेतलेली.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे घंटा न वाजणं ही पण बातमीच असते. एकतीस वर्षं वाजली म्हणजे जिंकलो, नाही वाजली म्हणजे हरलो. मी त्याला घंटेपासून वाचवलं नव्हतं. आपण हरलो असं त्याला माझ्याच हातानं कळवलं होतं.

लेआर्कोनं मोजा काढला. एकेक बोट सोडवत, सावकाश.

"हरलो."

"थांब जरा. एवढी काय घाई?"

"फादर कधी उशीर करत नाहीत." त्यानं मोजा मांडीवर सपाट केला. "पुढची सतरा वर्षं काही माझ्याजवळ नाहीत. उगाच शिवलं गं मला."

उगाच शिवलं! अकरा तास मी त्या इस्पितळाच्या बाकावर बसले होते. यंत्र एकशेचार दाखवत होतं, मग एकशेसहा. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. मला राहवेना.

"लेआर्को, घंटा वाजणारच नव्हती. मी फादरना सांगितलं होतं, वाजवू नका म्हणून."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे जिंकलो?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"जिंकलो तरी नको, असं सांगितलं होतं. काय झालं ते मलाही ठाऊक नाही."

"एकेचाळीस वर्षं मला वाटत होतं, तू नुसती हट्टी आहेस," तो म्हणाला आणि खुर्चीचा हात धरून उठला. एकशेनऊ. मी खणातून मोबाईल काढायला धावले. निकाल विचारायला की इस्पितळाची गाडी बोलवायला, ते आजही मला सांगता येणार नाही. मोबाईल सुरूच होईना.

"इरिदे, इकडे ये."

त्यानं पडदा सरकवला होता. आधी नुसतं धुकं दिसलं. मग त्यातून माणसं यायला लागली. अख्खा क्लब, पन्नास-साठ जणं, आमच्या गल्लीतून चर्चकडे चालली होती, इस्पितळाच्या व्हरांड्यातून चालतात तशी दबकत. झेंडे गुंडाळून काखेत. पोस्टातली निवेस हातातला भोंगा पोटाशी घट्ट धरून. सगळ्यात पुढे ओरिएल्लो. जो कानात बोलला तरी शेजारच्या गावाला ऐकू जातं, त्यानं गळ्यातला मफलर तोंडात कोंबला होता.

प्रेतयात्राच वाटली मला. हरले आणि आता आमच्या घरावरून मुकाट जातायत. मी लेआर्कोचा दंड धरला. "चल आतल्या खोलीत. थंडी आहे."

त्याचे खांदे गदगदत होते. मला वाटलं, आला झटका. पण तो हसत होता.

"ओरिएल्लो हरल्यावर कधी गप्प बसलाय का गं? हरलो असतो तर एव्हाना खिडकीखाली उभा राहून निएमेलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. माझ्या हृदयाची कसली पर्वा करतोय तो! तोंड दाबायची पाळी येते ती जिंकल्यावरच."

आणि मी आडवी येईपर्यंत त्यानं खिडकी उघडली होती.

"ए मुडद्यांनो! मी जिवंत आहे अजून! घंटा कुठाय?"

सगळे थांबले. साठ तोंडं वर झाली. पण कुणी त्याच्याकडे बघेना, सगळे माझ्याकडे बघत होते. ओरिएल्लोनं तोंडातला मफलर काढला.

"इरिदे," तो म्हणाला, आणि खरंच हळू म्हणाला, "सकाळी फादरनं सगळ्यांना येशूची शपथ घातलीय. एक हॉर्न नाही, एक आरोळी नाही. तू सांगशील तेव्हाच."

मी यंत्राकडे बघितलं. एकशेबारा.

लेआर्कोनं निदान आग्रह तरी करायचा, म्हणजे मला भांडता आलं असतं. त्यानं फक्त मांडीवरून खाली पडलेला मोजा उचलला आणि हातात धरून उभा राहिला. सप्टेंबरपासून मी त्याला जपत होते, आणि सप्टेंबरपासून इतका तरतरीत तो मला दिसला नव्हता. डॉक्टरीणबाई आठवल्या. तो बाक आठवला. मला भयंकर भीती वाटत होती.

मी त्याच्या बोटाचं यंत्र काढून ॲप्रनच्या खिशात टाकलं.

"वाजवा," म्हणाले. आवाजच फुटला नाही. मग ओरडले, "वाजवा रे!"

हाक तोंडातोंडी फादरपर्यंत पोचली. पहिला ठोका पडला आणि खाली जो गोंधळ उसळला त्यात खिडकीच्या काचा थरथरल्या. लेआर्को रडत होता, आणि रडता रडता कुरकुरत होता. "फार लवकर ओढतात फादर. दोरी आधी वर जाऊ द्यायची असते."

मी त्याचं मनगट धरून मोजायला लागले. विसापर्यंत मोजलं. मग नाडी कुठली आणि घंटा कुठली ते कळेना. पुन्हा पहिल्यापासून मी मोजलं नाही, नुसतं धरून ठेवलं.